मौनाचं ताट

शाळा उघडली त्या आठवड्यात अजमानच्या हवेत एवढं पाणी होतं, की पहाटे बसच्या काचा बाहेरून ओघळत. कुंदा फडक्याने एक काच पुसून दुसरीकडे वळेस्तोवर पहिली पुन्हा आंधळी होई. समुद्रावरून येणारं ते खारट, कोमट दमटपण कपाळावर, मानेवर, ब्लाउजच्या काठांवर बसे आणि दिवसभर उतरत नसे.

"बाजी, पीछे का एसी आज भी मुर्दा है," ड्रायव्हर हारुन आरशातून म्हणाला. पेशावरकडचा म्हातारा पठाण. सुट्टीच्या आधीपासून तो गॅरेजला सांगत होता.

कुंदा शेवटच्या रांगेपर्यंत गेली. वरच्या झडपेखाली तळहात धरला. हवा नव्हतीच, धूळ तेवढी होती. मागचं इंजिन तापलं की त्या रांगेचं रेग्झिन मांडीला चटका देई.

"मागे कुणाला बसवणार नाही मी," ती म्हणाली. "पुढे जागा आहे."

पोरांना बसमध्ये चढवणं, पट्टे बांधणं, उलटी झाली तर पुसणं आणि दारात हात धरून उतरवणं, हे कुंदाचं काम. शाळा हिंदुस्थानी अभ्यासक्रमाची, दाक्षिणात्यांपासून बंगाल्यांपर्यंत सगळ्यांची. नोकरीमुळे तिच्या अस्मीची फी निम्मी होत होती. नवरा मुरलीधर उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा. संध्याकाळी घरी आला की दोन्ही कानांत हातोडी वाजत असे त्याच्या. त्यामुळे तो मोठ्याने बोले आणि कुंदाचं हळू बोलणं त्याला ऐकू येत नसे. हळू बोलणं हा तिचा स्वभावच. त्यात तिची व्रतं. पहाटे बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही. आणि चातुर्मासात मौनभोजन. ताटावर बसलं की बोलायचं नाही. शब्द गेलाच तर तिथेच हात धुवायचा आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही.

"आमच्याकडे पावसाळाभर जेवताना भांडण नसतं," मुरलीधर मित्रांना सांगे. "बोलली तर उपाशी राहते. हबीबी, असं व्रत प्रत्येक बायकोला पाहिजे."

यंदा अधिक महिना आल्याने श्रावण पुढे सरकून नेमका शाळेच्या तोंडावर आला होता. त्यातून एक पेच उभा राहिला होता. जिवतीच्या शुक्रवारी, पोराबाळांच्या आयुष्यासाठी ज्या दिवशी उपास धरायचा, त्या दिवशी अंगावर हिरवं घालायचं नाही. आणि बसमधल्या बायकांचं जॅकेट होतं पोपटासारखं हिरवंगार.

कॉर्निशच्या टॉवरखाली बस थांबली तेव्हा विभावरी मॅडम रेयांशचा हात धरून उभ्या होत्या. पुण्याच्या. यजमान चारुदत्त मोठ्या कंपनीत, शाळेच्या पालक समितीवर. रेयांश चढला आणि पहिल्या रांगेत, तहसीनच्या शेजारी जाऊन बसला.

तहसीन दुसरीतली. आईबाप सुदानचे, पण ती जन्मली अजमानात, वाढली हिंदुस्थानी शेजाऱ्यांत, म्हणून शेजारची हीच शाळा. हिंदी अशी बोले की ऐकणारा चमकून बघे. रंग तव्याच्या बुडासारखा, स्वच्छ, चकाकता. केसांच्या बारीक बारीक वेण्या, टोकांना पिवळे मणी. ती हलली की मणी वाजत. चढताना रोज म्हणे, "कुंदा आंटी, मेरा बेल्ट आप ही बांधना. दूसरा कोई टाइट करता है."

विभावरी मॅडमनी कुंदाला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज गोड होता.

"कुंदाताई, एक रिक्वेस्ट होती. रेयांशला दुसरीकडे बसवा ना. म्हणजे आमचं काही तसं नाही हं. पण तिच्या केसांना काय लावतात देव जाणे, त्याला मळमळतं. केयाच्या मम्मीचंही तेच म्हणणं आहे. ग्रुपवर सगळ्यांचं चाललंय."

कुंदाने मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो नव्हे, पण लोक ते हो धरत. आत आल्यावर ती पट्टा बांधायच्या निमित्ताने तहसीनच्या डोक्यापाशी वाकली. खोबरेल तेलाचा वास होता. तिच्या अस्मीच्या डोक्याला येतो तोच.

दुपारी ती ट्रान्सपोर्टच्या खोलीत गेली. राजाभाऊ बार्शीचे. बसगाड्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांच्या खोलीतला एसी एवढा गार, की घामेजलेल्या कुंदाच्या अंगावर शहारा आला.

"राजाभाऊ, शुक्रवारी जिवती आहे. ते जॅकेट हिरवं…"

"अहो वहिनी, एवढंच ना? उलटं घाला. आतलं अस्तर करडं आहे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. आपल्या माणसाचं व्रत आपण नाही सांभाळायचं तर कोणी?"

कुंदाला भरून आलं. परक्या मुलुखात एवढं कळणारं माणूस!

"बरं," राजाभाऊ कागद चाळता चाळता म्हणाले, "ती सुदानी मुलगी. तिला उद्यापासून शेवटच्या रांगेत टाका."

"तिथे एसी नाही, भाऊ."

"येईल रिपेरीला. इन्शाल्ला ह्याच आठवड्यात."

"मग आल्यावर बसवते."

राजाभाऊंनी वर पाहिलं. हसू तसंच होतं. "वहिनी, मी तुमचं चालवून घेतो, तुम्ही माझं घ्या. आठ-दहा पालक मागे लागलेत. चारुदत्त साहेब समितीवर आहेत. त्या लोकांना उन्हाची सवय असते हो. त्यांच्याकडे तर याहून जास्त."

"ती इथेच जन्मलीय."

"जन्मली असेल. रंग बघा ना." ते हसले. "आणि हे तोंडी सांगतोय. कुणाला बोलायचं नाही. अस्मी दहावीला जाईल ना पुढच्या वर्षी?"

अस्मीचं नाव त्यांनी सहज घेतलं, टेबलावरचा पेन उचलावा तसं. कुंदा बाहेर आली. उन्हाने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तिने तहसीनचा हात धरला आणि तिला सगळ्या रांगांमधून मागे नेलं. पोरं माना वळवून बघत होती. पट्टा बांधताना कुंदाचे हात घामाने निसटले.

"आंटी, मैंने क्या किया?"

"कुछ नहीं बेटा. थोडे दिन."

"तो रेयांश ने कुछ किया?"

"नहीं."

"तो?"

कुंदाने पट्ट्याची खिट्टी दाबली आणि पुढे निघून आली.

शेवटच्या रांगेतलं मूल सगळ्यात शेवटी उतरतं, हे तिने आजवर कधी मनावर घेतलं नव्हतं. आता दिसू लागलं. शाळेत बस थांबली की पुढची पोरं दप्तरं सावरत, भांडत, सावकाश उतरत, दार उघडं राहून गार हवा निघून जाई आणि मागे ती एवढीशी पोर तापत्या रेग्झिनवर पाय लोंबकळत वाट बघे. उतरेपर्यंत युनिफॉर्मचा पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. कपाळावर घामाचे थेंब. मणी वाजत नसत, कारण ती मान हलवतच नसे. एके दिवशी हारुनने बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं आणि कुंदाकडे न बघता म्हणाला, "बाजी, मैं ड्रायवर हूँ. मेरा मुँह सामने रहता है. तुम्हारा तो बच्चों की तरफ़ है."

त्या संध्याकाळी ती अस्मीला न्हाऊ घालायला मसुराचं पीठ दुधात कालवत होती. आठवड्यातून एकदा हे ठरलेलं. अस्मी सावळी, बापावर गेलेली. गेल्या वर्षी पाहुण्यांना फुलं द्यायच्या रांगेत तिला उभं केलं, आणि तालमीनंतर "हाइट जमत नाही" म्हणून काढलं. तिच्या जागी घेतलेली केयाची बहीण तिच्याहून बुटकी होती.

अस्मीने वाटी बाजूला सारली. "आय डोन्ट वॉन्ट इट, आई."

"उजळ दिसतं गं थोडं."

"व्हाय? सो दे वोन्ट पुट मी इन द लास्ट रो?"

कुंदाचा हात पिठात तसाच राहिला.

"एव्हरीवन नोज. तहसीन नीट बसली होती. यू टुक हर टु द बॅक. तू नेलंस, आई. राजाभाऊ नव्हते बसमध्ये."

बाहेरच्या खोलीतून मुरलीधर ओरडला, "काय झालं?" कुंदा म्हणाली, "काही नाही." त्याला ऐकू आलं नाही. पीठ मात्र तिने मोरीत ओतून दिलं.

गुरुवारी परतीच्या वाटेवर सिग्नलला बस अडकली. दुपारची वेळ, ऊन पत्र्यातून आत टपकत होतं. मागून कोणीतरी किंचाळलं. कुंदा धावली. तहसीनचा घोळणा फुटला होता. रक्त हनुवटीवरून शर्टवर, शर्टवरून मांडीवर. पोर रडत नव्हती. दोन्ही हातांची ओंजळ करून रक्त सीटवर सांडू नये म्हणून धरून बसली होती.

"आंटी, सीट गंदा नहीं किया मैंने," ती म्हणाली, आणि मान टाकली.

कुंदाने तिला उचललं. तिचं अंग भाकरीसारखं भाजत होतं. रांगांमधून पळत आणून पहिल्या सीटवर, रेयांशला उठवून, आडवं केलं. पदर ओला करून नाकाच्या शेंड्यावर दाबला. हारुनने आडव्या गल्लीतून गाडी थेट दवाखान्यात घातली. ज्यांच्या आयांना वास येत होता त्या पोरांनी आपापल्या पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. ते पाहून कुंदाला आणखीच लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, बऱ्याच दिवसांनी, चीड होती.

तहसीनची आई आली ती कामावरून, डोक्याचा रुमाल घसरलेला. एका दवाखान्यात रक्त तपासणाऱ्यांच्या विभागात ती काम करायची. उंच, रुंद खांद्यांची बाई. पोरीला तिने एकदा पाहिलं, मग कुंदाला विचारलं, "लेश? व्हाय शी सिट बॅक? फर्स्ट डे शी सिट फ्रंट. व्हाय?"

कुंदाच्या पदरावर त्या बाईच्या पोरीचं रक्त होतं, आणि ती बाई ते बघत होती. "यू गुड वुमन," आई म्हणाली. "माय डॉटर से, कुंदा आंटी गुड. सो यू टेल मी. मंडे, आय कम स्कूल. यू टेल देअर."

रात्री फोन आला नाही; राजाभाऊ सकाळीच बसपाशी येऊन थांबले. कुंदाने जॅकेट उलटं घातलं होतं, करडं अस्तर बाहेर. तहसीन आली नव्हती.

"बघा, जॅकेटचं मी कुणाला बोलू दिलं नाही," ते म्हणाले. "सोमवारी प्रिन्सिपल मॅडमसमोर एवढंच सांगायचं, पोरगी चंचल आहे, स्वतःच पट्टा काढून मागे पळायची. आज विभावरी मॅडमकडे सवाष्ण आहात ना? त्या समजावतील. यल्ला, बस काढा."

दर श्रावणात एक शुक्रवार कुंदा विभावरी मॅडमकडे सवाष्ण असे. म्हणजे आधी त्यांच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, आणि मग त्यांच्याच हातून पाय धुवून घेऊन पाटावर बसायचं. आधीची आणि नंतरची, दोन्ही कामं तीच करी. तिला कधी खटकलं नव्हतं. शाळा दुपारीच सुटली. उपाशीपोटी तिने कणीक तिंबली, पुरणयंत्राचा दांडा फिरवला, पुरणाचे दिवे वळले. एसी स्वयंपाकघरापर्यंत येत नव्हता. घाम पाठीच्या पन्हाळीतून कमरेत उतरत होता, आणि प्रत्येक थेंबागणिक तिला ते शेवटचं सीट आठवत होतं.

दिवेलागणीला जिवतीचा कागद भिंतीला लागला. आघाडा-दुर्वांचा हार, हळदीकुंकू. नरसिंह, कालियावरचा कृष्ण, आणि मध्ये पोरं अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका. केयाची मम्मी मैथिली आली, आणखी दोघी आल्या. रेयांशला ओवाळताना विभावरी मॅडम कौतुकाने सांगू लागल्या, "बघ, ही जरा. ही खरं तर राक्षसीण होती. पण तिने एका बाळाला जीवदान दिलं. म्हणून सगळ्या आया तिला सांगतात, आमची मुलं सांभाळ."

रेयांशने कागदाजवळ जाऊन पाहिलं. "वॉज शी ब्लॅक, मम्मा? लाइक तहसीन?"

बायका हसल्या. "गप रे!" विभावरी मॅडम हसतच म्हणाल्या. "बघ की, किती छान गोरी आहे."

कुंदाने कागदाकडे पाहिलं. खरंच गोरी होती. छापणाऱ्याने राक्षसिणीलासुद्धा उजळून काढली होती, तेव्हा कुठे ती इथल्या भिंतीवर आली.

विभावरी मॅडमनी तिचे पाय धुतले, पुसले, ओटी भरली. पाट मांडला. ताट वाढलं: पोळीवर तुपाची धार, कटाची आमटी, चण्याची उसळ, दुधाची वाटी. दिवसभर पोटात काही नव्हतं. तुपाच्या वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ताटाभोवती पाणी फिरवलं. इथून पुढे मौन.

"आता तुम्ही बोलणार नाही, मला माहितीये," विभावरी मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "मग मीच बोलते, तुम्ही शांतपणे जेवा. राजाभाऊंनी सांगितलंच असेल. सोमवारचं."

कुंदाने पोळीचा तुकडा मोडला.

"कुणाचं वाईट आपल्याला करायचं नाही. त्या मुलीलाही इकडे कम्फर्टेबल नाहीच वाटत. त्यांच्या त्यांच्या शाळा आहेत ना. उगाच मिसमॅच."

दिवाणखान्यातून चारुदत्त साहेबांचा आवाज आला, "सांग त्यांना, दोन वाक्यं बोलायचीत. विषय खलास."

"हो ना. ती स्वतः मागे जायची, एवढंच. आणि अस्मीला यंदा स्वागताच्या टीममध्ये घ्यायला मी स्वतः बोलेन. मेकअप करतातच, फरक दिसत नाही." त्यांनी वाकून दुधाची वाटी पुढे सरकवली. "गप्प आहात म्हणजे हो धरते हं."

मैथिली म्हणाली, "कुंदाताई कधी नाही म्हणाल्यात का कुणाला?"

घास कुंदाच्या बोटांत होता. ओठांशी आलेला. ह्यांनी तिचं मौन असं वापरायला काढलं होतं, स्वयंपाकघरातल्या पुरणयंत्रासारखं. देवासाठी धरलेली जीभ ह्यांच्या कामाला जुंपायची. त्या ओंजळीतलं रक्त तिला दिसलं. सीट गंदा नहीं किया मैंने. सात वर्षांच्या पोरीला कोणी शिकवलं होतं हे?

तिने घास ताटात ठेवला.

"मी नेलं तिला मागे," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण जेवताना तो आजवर कोणी ऐकला नव्हता.

"अहो, तुमचं मौन…" विभावरी मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मोडलं. मी तिचा हात धरून नेलं, कारण राजाभाऊंनी सांगितलं. त्यांना तुम्ही सांगितलंत. तिच्या डोक्याला खोबरेल लावतात, मॅडम. मी वास घेतलाय. तुम्ही नाही घेतलात. सोमवारी मी हेच सांगणार."

ती उठली. विभावरी मॅडम अक्षरशः तिच्या आडव्या आल्या. "कुंदाताई, जिवतीची सवाष्ण भरल्या ताटावरून उठते का? माझ्या रेयांशच्या नावाचा दिवस आहे. असं करू नका. निदान दूध घ्या. मी हात जोडते."

रेयांश दारात उभा होता, कपाळावर ओलं कुंकू. कुंदाने ओटीतल्या चार अक्षता घेऊन त्याच्या डोक्यावर टाकल्या. "त्याला काही होणार नाही. पोरांवर कसला राग?" मग बेसिनवर हात धुतला आणि चपला घातल्या.

घरी येऊन तिने अस्मीला ओवाळलं. जिवतीला लांब असलेल्या पोरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात. कुंदा बाल्कनीत गेली. तिला एकच दिशा लागली. मशिदीमागची ती पिवळी इमारत, जिच्या खाली रोज सकाळी मणी वाजत यायचे. मुरलीधर मागे येऊन उभा राहिला.

"जेवलीस?"

"बोलले," ती म्हणाली. या वेळी त्याला ऐकू आलं.

सोमवारी प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत 'वुई आर वन फॅमिली' असा फलक होता. राजाभाऊ पोरीच्या चंचलपणावर बरंच बोलले. मग कुंदाला विचारलं. ती उभ्यानेच बोलली, हिंदीत, म्हणजे शेजाऱ्यांमुळे हिंदी समजणाऱ्या तहसीनच्या आईलाही कळावं.

"व्हॉट रीझन दे टेल यू?" आईने विचारलं.

"रंग."

"प्लीज, असे शब्द नकोत," प्रिन्सिपल मॅडम घाईने म्हणाल्या. "सीटिंग प्रेफरन्सचा गैरसमज झाला, असं म्हणू."

"म्हणा," कुंदा म्हणाली. "मी रंग म्हणते. ती तव्यावर बसली होती आणि आम्ही तिला सहन कर म्हणत होतो."

तहसीनच्या आईने टेबलावर पंजा ठेवला. आवाज चढवला नाही. "माय डॉटर नो चेंज स्कूल. माय डॉटर चेंज सीट. टुडे. अँड यू राइट इट. नॉट फॉर हर ओन्ली. नो चाइल्ड बाय कलर." लिहून घेतल्याशिवाय ती खुर्चीवरून उठली नाही. दुपार टळली, नमाजाची वेळ झाली, तिने कोपऱ्यात रुमाल अंथरून नमाज पढला आणि पुन्हा येऊन बसली. कुंदा तिच्या मागे उभी राहिली. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

लिहून मिळालं. एसीही दुरुस्त झाला. राजाभाऊ जिथे होते तिथेच राहिले. कुंदाला मात्र 'बालकांशी संबंधित कामासाठी अयोग्य वर्तन' म्हणून बसवरून काढून शाळेच्या संडास-बाथरूमच्या सफाईवर टाकलं. अस्मीच्या फीची सवलत टिकली. ती काढायला लेखी कारण द्यावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी ती फाटकाजवळ ओला मॉप पिळत होती. हिरवं जॅकेट आता दुसऱ्याच बाईच्या अंगावर होतं. बस आली. काचा ओघळत होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. हारुनने दार उघडलं आणि कुंदाकडे बघून हात छातीवर ठेवला.

पुढच्या रांगेतली पोरं पहिली उतरतात.

आधी मणी वाजले. मग तहसीन उतरली, कोरड्या पांढऱ्या शर्टात, दप्तर पुढे लटकवलेलं. तिच्या मागून, तिचा हात धरून, पीठ न लावलेल्या, आपल्या सावळ्या रंगाची अस्मी. मागे रेयांश पायरीवर ताटकळत होता.

"जल्दी करो ना, तहसीन!" तो ओरडला.

"रुको," ती म्हणाली, आणि सावकाश, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत, अस्मीचा हात सोडून कुंदाकडे आली. "आंटी, नई वाली आंटी बेल्ट बहुत टाइट बांधती है."

कुंदाने मॉप भिंतीला टेकवला. ओले हात साडीला पुसले.

"उसको बोलना," ती म्हणाली. "ज़ोर से बोलना."